मी सांगेपर्यंत

“बाई, तुम्ही जरा बाजूला होता का?” मी म्हणालो.

मोहाच्या झाडाखाली दोघी पाठीला पाठ लावून बसल्या होत्या आणि मला एकच हवी होती. धाकटी रेवता उजेडाच्या बाजूला होती. थोरली भागरता, तिची जाऊ, मधे येत होती. तिचा हिरवा पदर, तिचं टोपलं, तिचं हलणारं कोपर, सगळं माझ्या चौकटीत घुसत होतं.

“काहून?” भागरतानं मान न वळवता विचारलं. तिचे हात थांबले नव्हते.

“फोटोत एकच माणूस असलं की छान दिसतं.”

“आन दुसरं असलं का वाईट दिसते?”

रेवता खुदकन हसली. “बाई, तुह्यी पाठ पाहून त्याचा क्यामेरा फुटन!”

मीही हसलो. फोटोवाल्याला गोड बोलावं लागतं, गोड हसावं लागतं, आणि मला दोन्ही चांगलं जमत होतं. एप्रिलचा दुसरा आठवडा होता. ब्रह्मपुरीच्या लॉजवरून पहाटेच मोटरसायकल काढून मी देवटोल्याच्या रानात पोचलो होतो. नागपुरात उन्हाळ्यावरच्या फोटोंची मोठी स्पर्धा होती, आणि ती जिंकणं मला भाग होतं. वडिलांनी वर्षाची मुदत दिली होती. वर्षात कॅमेऱ्यानं काही करून दाखवलं नाही, तर त्यांच्या औषधाच्या दुकानात गल्ल्यावर बसायचं. मुदतीतले दोन महिने उरले होते.

घाटे सर आम्हाला शिकवायचे की उन्हाळ्यात फोटोवाल्यानं कोंबड्याबरोबर उठावं आणि आठ वाजले की दुकान बंद करावं. त्यानंतरचं ऊन माणसाच्या डोळ्यांच्या खोबण्या करतं. उजेड नेहमी माणसाच्या मागून घ्यावा, म्हणजे त्याला सोन्याची कड येते. आणि जे नको ते चौकटीबाहेर. “चौकट म्हणजे काही एसटी नाही रे, हात दाखवला की घेतलं आत,” असं ते म्हणायचे. मी त्यांचा सगळ्यात आज्ञाधारक विद्यार्थी होतो. अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला, पण आज्ञाधारक.

आणि समोर काय दृश्य होतं! मोहाची फुलं पहाटेपासून टपटप गळतात. पाचोळ्यात ती सापडत नाहीत, म्हणून लोक झाडाखालचा पाचोळा आधीच जाळून जमीन साफ करतात. त्या काळ्या राखेवर ती फिकी पिवळी, रसानं भरलेली फुलं पडलेली, कुठं कुठं अजून धुराची रेघ, आणि त्या धुरातून तिरपं आलेलं सकाळचं ऊन. त्यात ओणवून फुलं वेचणारी बाई. बक्षीस माझ्यापासून सहा हातांवर बसलं होतं.

आल्याबरोबर मी त्यांना विचारलं होतं, की एवढं मोठं झाड असताना अशा चिकटून का बसता?

“त्याच्यासाठी,” रेवता म्हणाली. रानात वाघाचं नाव घेत नाहीत. “तो मागून येते. ओणवं माणूस त्याले जनावर दिसते. पाठीले पाठ लावली का दोयीकडं तोंड. मंग नाई येत.”

“मागच्या महिन्यात तिकडल्या गावची एक बाई नेली,” भागरता म्हणाली. “एकटीच गेलती.”

आणि दर थोड्या वेळानं एक जण विचारायची, “हाये का?” दुसरी म्हणायची, “हाये.” फुलं वेचता वेचता, मान न उचलता, श्वास घेतल्यासारखं. पण रेवता उत्तर देताना दर वेळी तोंड जरा वळवायची आणि माझी चौकट बिघडायची.

म्हणजे मला सगळं सांगितलेलं होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला कधीच नव्हती.

“घडीभराची गोष्ट हाये, जा ना बाई,” रेवता जावेला म्हणाली. “पेपरात येईन माहा फोटो. मतदानाच्या कार्डावर तं मी भुतासारखी दिसतो.”

भागरता उठली. टोपलं कमरेवर घेतलं आणि सरळ माझ्याकडे पाहिलं. उंच, हाडापेरानं मजबूत बाई होती. “किती वेळ?”

“पंधरा मिनिटं. त्या नाल्यापलीकडच्या झाडाखाली बसा. आणि हे बघा, मी सांगेपर्यंत इकडे येऊ नका. आवाजही देऊ नका, ती मान वळवते.”

“आवाज बी नाई?”

“मी सांगेपर्यंत.”

ती थोडी घुटमळली. मग म्हणाली, “सांगजा मंग,” आणि नाल्यात उतरली. नाला कोरडा होता. पन्नास पावलांवर दुसरा मोह होता. मधे पळसाची झुडपं होती. ती त्यांच्यामागे गेली आणि माझी चौकट स्वच्छ झाली.

त्या पंधरा मिनिटांत मी आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम केलं. हे मला आजही नाकारता येत नाही. राखेत पालथा पडून खालून फोटो घेतले. रेवताचा हात फुलावर, धुरात उन्हाची तिरीप, वाकलेल्या पाठीला सोनेरी कड. रान इतकं शांत होतं की फुलं पडल्याचा आवाज येत होता. मग सूर्य फांद्यांच्या वर आला आणि उजेड पांढरा पडला.

मी तिला कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो दाखवला. ती कपाळाला आठ्या घालून बघत राहिली.

“तोंड तं दिसतच नाई माहं.”

“हा कलेचा फोटो आहे. तोंडाचा पुढच्या वेळी काढतो, नक्की.”

“पोरीले दाखवाले पायजे होता,” ती म्हणाली आणि पुन्हा फुलांकडे वळली.

घड्याळात साडेसात झाले होते. चार किलोमीटरवर तलावाचा तळ उघडा पडून तडकला होता, तिथं भेगांचे फोटो घ्यायचे होते आणि आठच्या आत पोचायचं होतं. मी तिला हात केला, किक मारली आणि निघालो.

तिसऱ्या दिवशी नागपुरात चहाच्या टपरीवर पेपरात बातमी वाचली. देवटोल्याच्या रानात मोहफुलं वेचणारी महिला वाघाच्या हल्ल्यात ठार. रेवता कोवे, वय सव्वीस. सकाळी आठच्या सुमारास. मी ती बातमी चार वेळा वाचली. हातातला चहा गार झाला तो टपरीवाल्यानं उचलून नेला.

त्याच पेपराच्या रविवारच्या पुरवणीत माझा फोटो आला. मीच नेऊन दिला होता. खाली छापलं होतं, ‘मृत्यूपूर्वी काही मिनिटं : रानात एकटी.’ ‘एकटी’ हा शब्द माझा नव्हता. पण मी तो खोडलाही नाही. स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं, पेपरात नोकरी मिळाली. वडिलांनी गल्लीत पेढे वाटले. लोक विचारायचे, तुम्ही तिथं होतात? मी म्हणायचो, आधीच निघून गेलो होतो. अक्षरशः खरं होतं ते.

पुढे मी नाव काढलं. उन्हाळी शिबिरं घ्यायला लागलो. उजेड कुठून घ्यावा, दुपारी सावलीत काय शोधावं, उन्हातल्या माणसाचा चेहरा कसा सांभाळावा, सगळं शिकवायचो. एक गोष्ट मात्र कधी शिकवली नाही. कुणाला बाजूला हो म्हणायचं नाही, असा माझ्या शिबिराचा नियमच होता. नको ते माणूस मधे येत असेल, तर तुम्ही हला. मुलं म्हणायची, सर फार मोठ्या मनाचे आहेत. खाई त्याला खवखवे.

घरी बायको स्वयंपाकघरातून सहज विचारायची, “आहेस का रे?” आणि माझ्या तोंडून उत्तरच यायचं नाही. ती चिडायची, मग घाबरायला लागली. शेवटी तिनं तसं विचारणंच सोडलं. आता ती येऊन बघून जाते.

चौदा वर्षांनी फोन आला.

“सर, मी करिश्मा बोलून राहिली. देवटोल्याहून. रेवता कोवेची मुलगी.”

मी खुर्चीत बसलो.

“पुढच्या महिन्यात माझं लग्न आहे. मांडवात आईचा फोटो ठेवायचा होता. पेपरातल्यात तिचं तोंड दिसत नाही, आणि मतदानाच्या कार्डावरचा तर ओळखूच येत नाही. तुमच्याकडे दुसरा एखादा असेल का? कसाही चालेल.”

आवाजात कसली तक्रार नव्हती. ब्रह्मपुरीला नर्सिंग केलं, आता गावाजवळच्या उपकेंद्रात असते, असं तिनं सांगितलं. मी म्हणालो, बघतो.

त्या सकाळचे एक्केचाळीस फोटो होते. मी ते चौदा वर्षं उघडले नव्हते. पहिल्या सहात दोघी होत्या. तिसऱ्यात रेवता मान वळवून जावेला काहीतरी म्हणत होती आणि तोंडभर हसत होती. सातव्यात भागरता उभी होती, कमरेवर टोपलं, नजर सरळ कॅमेऱ्यात. किती वेळ, असं विचारत होती ती. आठव्यापासून रेवता एकटी.

मी तिसरा फोटो मोठा करून घेतला. भागरताला कापून फक्त चेहरा काढणं सोपं होतं, दोन मिनिटांचं काम. हात तिकडे गेलाही. पण एकदा कापलं होतं तेवढं पुरे होतं. पहिले सातही फोटो छापून घेतले, रात्री ब्रह्मपुरीला उतरलो आणि पहाटे देवटोल्याला निघालो.

करिश्माचं घर गावाच्या टोकाला होतं. तिनं पाणी दिलं, फोटो दोन्ही हातांनी घेतला आणि कितीतरी वेळ आईच्या चेहऱ्यावरून बोट फिरवत राहिली. माझ्या दातासारखा हिचा पण दात पुढं आहे, असं म्हणून हसली. मग बोट थांबलं.

“ही पाठ कुणाची?”

“भागरताबाईंची. तुमच्या आईच्या जाऊबाई.”

“मोठीमाय? त्या दिवशीची?”

“त्याच सकाळी काढलाय.”

तिचा चेहरा बदलला. “ती तर नव्हती ना तिथं. ती आईला सोडून दुसऱ्या झाडाखाली गेली होती. तिकडं फुलं जास्त होती म्हणून.”

“असं कोण म्हणालं?”

“अख्खं गाव म्हणते. बाबा मरेपर्यंत तिच्या हातचं पाणी नाही प्याले. ती सांगायची, फोटोवाल्यानं मले हटवलं म्हणून. पण चारचौघांनी तुमचाच पेपर तिच्यापुढं धरला. ह्याच्यात कोठी हाये तू, दाखव म्हणे. ती कुठं दाखवणार?” करिश्मानं पदराच्या टोकानं फोटोवरचं न दिसणारं काहीतरी पुसलं. “तिच्यासंगं कोणी मोह वेचाले जात नाही. मी लहान असताना ती बोरं घेऊन यायची. मी तिच्या तोंडावर दार लावायची. सर, मी चौदा वर्षांत तिच्याशी एक शब्द बोलली नाही.”

बाहेर कुणीतरी बकऱ्या हाकत होतं. मी पाण्याचा पेला खाली ठेवला. मी फक्त वाघाचा विचार करत आलो होतो इतकी वर्षं. माझ्या फोटोनं आणखी एका बाईला जिवंतपणी खाल्लं, हे माझ्या गावीही नव्हतं. आत्ता उठून ‘बरं येतो’ म्हटलं असतं तरी कुणी अडवणार नव्हतं.

“मी हटवलं,” मी म्हणालो.

तिनं फोटोवरून मान वर केली.

“ती जायला तयार नव्हती. मीच पाठवलं. फोटोत मधे येत होती म्हणून.” मी बाकीचे फोटो काढून ओळीनं मांडले. सातवा शेवटी ठेवला. “हा बघा. ही मला विचारतेय, किती वेळ. आणि मी तिला सांगितलं की आवाजही द्यायचा नाही.”

“किती वेळ?”

“मी सांगेपर्यंत.”

करिश्मानं सातवा फोटो उचलला. नर्स मुलगी, नीट विचारायची सवय असलेली. तिनं नीट विचारलं.

“मग सांगितलं कधी?”

पंधरा मिनिटं मागितली होती. काम झाल्यावर एक हाक मारायची होती, ‘बाई, झालं, या.’ नाल्यापलीकडे ऐकू जाईल एवढीच. मला तलावाच्या भेगा गाठायच्या होत्या.

“सांगितलंच नाही,” मी म्हणालो. “विसरलो.”

मला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती उठली, फोटो गोळा केले, पायात चप्पल घातली आणि चालायला लागली. मी मागोमाग गेलो. सकाळचे सात वाजत होते आणि मोहाचा गोड, आंबूस वास रानभर पसरला होता.

ते झाड तसंच होतं. खालची जमीन या वर्षी कुणी जाळलेली नव्हती. फुलं पाचोळ्यात पडून होती. “मोठीमाय दर वर्षी तिकडंच बसते,” करिश्मा नाल्यापलीकडे बोट करून म्हणाली, पण तिचं पाऊल पुढं पडेना. मी एकटा नाला ओलांडला.

पळसामागे दुसऱ्या मोहाखाली भागरता ओणवी होती. हाडं तेवढी उरली होती. पाठ उघडी, मागं कुणी नाही. माझ्या पावलांचा आवाज ऐकून तिनं मान वळवली.

“आले का तुमी,” ती म्हणाली. ओळख पटायला तिला अजिबात वेळ लागला नाही.

मी हात जोडले. वाटेत जुळवलेलं बोलणं पार पुसून गेलं होतं. “बाई, माझं चुकलं. मी करिश्माला सगळं सांगितलं. गावालाही सांगतो, चावडीवर उभा राहून सांगतो.”

तिनं ऐकलं की नाही, कळेना. ती हातातल्या फुलांकडे बघत बोलू लागली.

“तुमच्या गाडीचा आवाज गेला. म्हटलं, दुसऱ्या बाजूनं काढाले गेले असन. येतीन, सांगतीन. हाये का, हाये का, असं मनातल्या मनात म्हनून रायली होती मी. मंग तिचं टोपलं पडल्याचा आवाज आला.” तिनं हातातली फुलं टोपल्यात टाकली. “तरी मी लगेच उठली नाई, भाऊ. तुमी सांगतलं नव्हतं ना. माह्यावाली तेवढी चूक हाये. ते मी कोनाले सांगतली नाई.”

मी खाली बसलो. चौदा वर्षं मला वाटत होतं की माझ्या त्या न मारलेल्या हाकेबद्दल फक्त मलाच ठाऊक आहे. ही बाई दर चैत्रात त्याच झाडाखाली, मी बसवलं तिथंच येऊन बसत होती.

तेवढ्यात नाल्यापलीकडून आवाज आला. आधी चिरका, मग मोकळा.

“मोठीमाय! हाये का?”

भागरता ताठ झाली. झुडपांच्या फटीतून पलीकडचं झाड दिसत होतं. करिश्मा त्याच्याखाली बसली होती, आमच्याकडे पाठ करून, पाचोळ्यातून एकेक फूल शोधत.

“मोठीमाय, हाये का?”

भागरताचे ओठ हलले, पण आवाज निघाला नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. मान जरा तिरकी, नजर सरळ, सातव्या फोटोत होती तशीच. ती कशासाठी थांबली आहे हे कळायला मला वेळ लागला.

“झालं, बाई,” मी म्हणालो. “झालं. जा आता.”

तिनं टोपलं कमरेवर घेतलं आणि नाल्यात उतरली. पलीकडे चढून जाईपर्यंत ती ‘हाये, हाये’ म्हणत राहिली.